गुहागरातली सामायिक सायकल: साठीपुढच्यांसाठी माझा अनुभव

गावातल्या सामायिक सायकलीची, म्हणजे स्टँडवरून घेऊन सगळ्यांनी आळीपाळीने वापरायच्या सायकलीची, दिवाळीनंतर वर्गणी भरली, आता मृग तोंडावर आलाय. मधले सगळे महिने ही सायकल वापरली. माझी साठी उलटली आहे आणि नेसणं साडीचं, म्हणून माझ्याच वयाच्या लोकांसाठी लिहिते.

आपली माणसं ‘गुडघे धरलेत’ म्हणून नको म्हणतात, पण खरं अडतं ते बसताना. जुन्या सायकलीची दांडी ओलांडायला पाय किती वर न्यावा लागायचा! इथे मधली दांडी खाली वाकवलेली आहे, पाय सरळ आत जातो. चेनवर पूर्ण झाकण असल्याने साडीचा काठ अडकत नाही. सुरुवातीला सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाऊलं जमिनीला टेकतील. पडायची भीती निम्मी तिथेच जाते. हात बसला की मात्र सीट थोडी थोडी वर चढवा, कारण ती खाली राहिली तर गुडघा जास्त वाकतो आणि वाटीपाशी दुखायला लागतं. पायडल अगदी खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहिला, की उंची बरोबर. आणि घाबरून फार हळू चालवू नका. सायकल हळू असतानाच जास्त डगमगते, थोडा वेग आला की सरळ धावते.

व्याडेश्वराच्या देवळापासून वरचा पाट या भागातल्या दुर्गादेवीपर्यंतचा रस्ता यासाठी फार चांगला, वाड्यांतल्या झाडांची सावली आहे. शृंगारतळीकडचा घाट मात्र या जड सायकलीचं काम नव्हे.

शेजारच्या आबांना मी बरेच दिवस म्हणत होते, “आबा, नुसते बसून तरी बघा.” शेवटी ते म्हणाले, “वहिनी, बसेन हो, पण मागून गाडी आली तर माझी मान वळत नाही.” हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी हँडलला उजवीकडे लावायचा, काढता-घालता येणारा आरसा घेतला. आता पिशवीत आरसा घालूनच ते बाजाराला निघतात. खरं तर तो प्रत्येक सायकलीला हवा. योजना चालवणाऱ्यांना सांगून झालं, अजून लावलेला नाही.

सर्वांत खटकतं ते कुलूप. ते फोनवरून उघडतं, त्याला ओटीपी लागतो आणि रेंज असतेच असं नाही. सायकल चालवायची हौस असलेली माणसं स्टँडवरून परत जाताना पाहिली, की जीव तुटतो. म्हैसूरला २०१७ साली ‘ट्रिन ट्रिन’ ही अशीच सायकल योजना सुरू झाली, तेव्हा तिथे स्मार्ट कार्डावर सायकल मिळायची. इथेही तसं कार्ड द्यावं, आणि सकाळी तासभर तरी सीट खालीवर करून देणारं, पहिल्या दिवशी सोबत चालणारं एक माणूस स्टँडवर ठेवावं. फुकट फेऱ्यांच्या जाहिरातीपेक्षा त्याने जास्त म्हातारी माणसं येतील.

खाऱ्या हवेने ब्रेकच्या तारा गंजतात, तेव्हा निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा. पावसात शेवाळलेल्या रस्त्यावर या वयात जाऊ नये, म्हणून चार महिने वर्गणी थांबवायची सोय मागितली आहे. मिळाली नाही तरी नवरात्रात पुन्हा भरणार आहे.