पट्टी बुडवून ‘तेल सापडलं’ म्हणणाऱ्यांपासून सावध

आमच्या बागेत खवले कीड आणि कोळी यांच्यासाठी खनिज तेलाची फवारणी होते. तेलाचा थर बसला की किडीचा श्वास कोंडतो. खरेदीदाराने अवशेषांचा अहवाल मागितला, म्हणून तपासणी करून देणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने फळाची साल पुसून एका द्रावणात घेतली, त्यात पट्टी बुडवली आणि ‘तेल मर्यादेबाहेर’ असं सांगितलं. झाडाखालची ओली माती पाण्यात ढवळून वर आलेला रंगीत तवंग दाखवला. मग शिक्क्याचा अहवाल दिला, आणि माती ‘शुद्ध’ करणारं औषधही त्याच्याकडूनच घ्यायला लावलं. माल तोडणीला आला होता. आम्ही पैसे मोजले.

अहवालात चाचणीची पद्धत नव्हती, किती कमी प्रमाण मोजता येतं तो आकडाही नव्हता. तिथेच संशय आला. आयएसओ १७०२५, म्हणजे चाचणी प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, त्याच्या मान्यतेचा अहवालावरचा क्रमांक तपासला, तर तो भलत्याच प्रयोगशाळेचा निघाला आणि तिची मान्यता फक्त पाण्याच्या चाचण्यांपुरती होती. मान्यता सरसकट नसते. कोणता पदार्थ, कोणती चाचणी, हे तिच्या व्याप्तीत लिहिलेलं असतं. ती व्याप्ती वाचल्याशिवाय नमुना देऊ नका.

पुढे खऱ्या प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञांनी सगळं उलगडून सांगितलं. ती पट्टी कोलिनेस्टरेज या विकराचं (एन्झाइमचं) काम अडलं की नाही यावर चालते, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशकंच ओळखते. खनिज तेल तिला कळूच शकत नाही. तवंगाचंही तसंच. लोहजिवाणूंमुळे पाण्यावर हुबेहूब तेलासारखा पापुद्रा येतो. काडीने ढवळलं तर त्याचे तुकडे पडतात आणि तसेच राहतात. तेल असेल तर ते पुन्हा जुळून येतं.

शेकडो कीटकनाशकं एकदम तपासणारी नेहमीची चाचणी प्रामाणिकपणे केली तरी खनिज तेल मोजत नाही, हे मलाही नवीन होतं. तेल म्हणजे असंख्य हायड्रोकार्बनांचं, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या संयुगांचं मिश्रण. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या चाचणीच्या, आलेखावर त्याचा एक टोकदार सुळका न येता पसरट उंचवटा येतो. फळाच्या नैसर्गिक मेणाचे सुळके, विशेषतः २९ आणि ३१ कार्बनांचे, त्याच भागात येतात. ते वेगळे न काढता दिलेला आकडा फसवा असतो. म्हणून आलेख मागाच. आम्ही मागितला, तेव्हापासून तो माणूस फोन उचलत नाही.

नमुना घेण्याची त्याची रीतही चुकीची होती. हाताला लागतील ती दोन-तीन फळं त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकली. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या पद्धतीप्रमाणे मध्यम आकाराची किमान १० फळं आणि किमान १ किलो माल लागतो. प्लॅस्टिक आणि पुनर्वापराचा पुठ्ठा यांतूनही तेलकट हायड्रोकार्बन उतरतात, त्यामुळे या तपासणीसाठी फळं ॲल्युमिनियमच्या पन्नीत आणि माती काचेच्या बरणीत द्यावी.

असा अहवाल तुमच्याही हातात असेल तर ते औषध जमिनीत ओतू नका. डबा सीलबंद ठेवा, पावती जपा आणि मान्यता देणाऱ्या संस्थेकडे तो क्रमांक पाठवून लेखी विचारणा करा. आमची तक्रार त्याच उत्तरावर उभी राहिली.