सगळ्यात कमी फी पाहिली आणि तिथेच फसलो

नर्सिंगचं शिक्षण संपवून मी नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग कौन्सिलच्या खिडकीवर कागद दिले. आतल्या बाईंनी यादीवरून दोनदा बोट फिरवलं. "तुमच्या संस्थेचं नाव नाही यात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. अशी मी त्यांच्याकडे आलेली पहिली मुलगी नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

हिशोब आम्ही केला नव्हता असं नाही. बाबांनी तीन संस्थांची फी कागदावर लिहिली आणि सगळ्यात कमी आकड्याभोवती गोल केला. प्रवेश देणारा माणूस दर वाक्यात 'मान्यताप्राप्त' म्हणत होता. कोणाची मान्यता, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. संस्था म्हणून सरकारदरबारी नोंद असणं वेगळं आणि तिथल्या प्रमाणपत्रावर नर्स म्हणून नोंदणी मिळणं वेगळं. आमच्याकडे पहिलीच गोष्ट होती. दुसरी नसेल तर परिचारिका म्हणून काम करता येत नाही.

कमी फी कमीही राहिली नाही. गणवेश, परीक्षा, हॉस्पिटलला नेणारी बस, सगळ्याचे पैसे वेगळे. पावती मागितली की "नंतर या". कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होणार म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण हप्ता थांबला तरी व्याज चढत राहतं. १० टक्के सरळ व्याज धरलं तरी पहिल्या दिवशी उचललेल्या १०० चे ३ वर्षांत १३० होतात. नोकरी लागो न लागो, फेडायचे ते १३०.

मला सगळ्यात जास्त टोचते ती प्रात्यक्षिकाची वही. किती इंजेक्शनं दिली, किती ड्रेसिंग केली, किती प्रसूतींना मदत केली, याच्या नोंदी आणि समोर सही. शेवटच्या वर्षी एका दुपारी आम्हाला वर्गात बसवून त्या भरून घेतल्या. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत. मी एकही प्रसूती पाहिली नव्हती, तरी माझ्या वहीत बाळांची वजनंसुद्धा लिहिलेली आहेत. ती माझ्याच अक्षरात आहेत. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे सर्वसाधारण परिचारिकेला किमान ४६०० तासांचं शिक्षण लागतं आणि त्यातला निदान अर्धा वेळ प्रत्यक्ष रुग्णांच्या सेवेत जावा लागतो. ते वाचून मी रुग्णांसोबतचे माझे तास मोजले. २०० सुद्धा भरले नाहीत.

म्हणून कळकळीने सांगते, फी विचारायच्या आधी कौन्सिलकडे जा. तुमच्या अभ्यासक्रमाला, तुमच्याच वर्षासाठी मान्यता आहे का, हे तिथूनच विचारा. संस्थेने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. मागच्या तुकडीतल्या कुणाला गाठून नोंदणी क्रमांक मिळाला का विचारा. पूर्ण कोर्सचा एकूण खर्च लेखी घ्या. आणि मूळ कागदपत्रं संस्थेत ठेवून येऊ नका. माझी सोडवायला उरलेली सगळी फी भरावी लागली.

मी आता दुसरीकडे पुन्हा पहिल्या वर्षाला आहे. जुन्या कर्जाचा हप्ता चालूच आहे.

गेल्या महिन्यात त्याच माणसाचा फोन शेजारच्या मुलीला आला. मी तिला घेऊन कौन्सिलच्या खिडकीवर गेले. बाईंनी यादी पाहिली. नाव अजूनही नव्हतं. तिने पैसे भरले नव्हते.