सीएसआयटी: व्हीपीपीच्या वेगावर रोजचा पहारा

सर्व्हरवर व्हीपीपी (नेटवर्कची पॅकेटं वेगाने पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर) चढवायचा, समोरून टी-रेक्स या पॅकेटं सोडणाऱ्या साधनाने ६४ बाइटची पॅकेटं सोडायची आणि मिनिटभराच्या एका आकड्यावरून ‘नवी आवृत्ती ३ टक्क्यांनी मंदावली’ असं जाहीर करायचं, हे सुतावरून स्वर्ग गाठणं आहे. त्या ३ टक्क्यांत कोडचा वाटा किती आणि मशीनच्या लहरीचा किती, हे वेगळं काढणारी खुली यंत्रणा म्हणजे एफडी.आयओ या खुल्या नेटवर्क-सॉफ्टवेअर प्रकल्पाची सीएसआयटी. लिनक्स फाउंडेशनखाली हा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला. सिस्कोने खुलं केलेलं व्हीपीपी हे त्याचं मुख्य सॉफ्टवेअर, आणि सीएसआयटी हा त्याच प्रकल्पातला चाचण्यांचा संसार: चाचण्या लिहायला रोबोट फ्रेमवर्क आणि पायथन, पॅकेटं सोडायला टी-रेक्स आणि सर्व्हर तयार करायला अ‍ॅन्सिबल.

हा पहारा इतका काटेकोर का लागतो, ते साध्या हिशोबातून कळतं. १० गिगाबिटच्या तारेवर ६४ बाइटची फ्रेम प्रत्यक्षात ८४ बाइटची जागा खाते, कारण प्रिअँबल (फ्रेमआधीचे इशाऱ्याचे बाइट) आणि दोन फ्रेममधलं अंतर मिळून २० बाइट वाढतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं, एका पॅकेटमागे ६७.२ नॅनोसेकंद. २.५ गिगाहर्ट्झच्या कोअरवर हे फक्त १६८ क्लॉक (प्रोसेसरचे ठोके). मुख्य मेमरीपर्यंतच्या एका फेरीत ते सगळे संपू शकतात. म्हणूनच व्हीपीपी पॅकेटं एकेक न घेता २५६ पर्यंतच्या गठ्ठ्याने प्रत्येक नोडमधून (प्रक्रियेच्या एकेका टप्प्यातून) काढतो. नोडचा कोड एकदा कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत) आला की सगळ्या गठ्ठ्याला पुरतो. आता नेटवर्क कार्डाच्या रिसीव्ह रिंगमध्ये (आलेली पॅकेटं थांबतात त्या रांगेत) १०२४ जागा असतील, तर पूर्ण वेगाला ती जेमतेम ६९ मायक्रोसेकंदांत भरते. कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) वर्कर कोअर, म्हणजे पॅकेटं हाताळणारा कोअर, तेवढा वेळ दुसऱ्या कामाला जुंपला की पॅकेटं सांडलीच, आणि त्यात व्हीपीपीच्या कोडचा काडीचाही दोष नसतो.

सीएसआयटीची मोजण्याची पद्धत ही तिची सर्वांत जमलेली बाजू. एनडीआर म्हणजे एकही पॅकेट न सांडता पेलणारा वेग. पीडीआर म्हणजे ०.५ टक्के गळती चालवून घेतल्यावरचा वेग. १९९९ च्या आरएफसी २५४४ या नेटवर्क उपकरणांच्या मोजणीच्या दस्तऐवजाप्रमाणे प्रत्येक चाचणी किमान ६० सेकंद चालवायची. साधी द्विभाजन पद्धत (दर वेळी शोधाचा पल्ला अर्धा करणारी) वापरून अर्ध्या टक्क्याच्या नेमकेपणापर्यंत जायला ८ पायऱ्या लागतात, म्हणजे एका फ्रेम-आकाराची ८ मिनिटं नुसती पॅकेटं सोडण्यात जातात. शेकडो चाचण्यांना हे परवडत नाही. म्हणून इथे एमएलआरसर्च हे तंत्र आहे: छोट्या चाचण्यांनी अंदाज बांधत जायचं, एनडीआर आणि पीडीआर दोन्ही एकाच शोधात पकडायचे आणि वेळ फक्त सीमेजवळच्या वेगांवर खर्च करायचा. त्यातलं ‘किती चाचण्यांत गळती हद्द ओलांडली तरी चालेल’ हे प्रमाण शून्य ठेवलं तर निकाल आरएफसी २५४४ इतका कडक होतो. अर्ध्यावर ठेवलं तर एखाद्या मायक्रोसेकंदी अडथळ्यामुळे सगळा निकाल कोसळत नाही. आमच्या मते हा एक पॅरामीटर समजून घेतला तरी निम्मे वाद मिटतात.

रोजच्या देखरेखीसाठी मात्र एमआरआर हा आणखी स्वस्त प्रकार आहे. तारेच्या कमाल वेगाने पॅकेटं सोडायची आणि पलीकडे किती पोचली ते मोजायचं. एका सेकंदाच्या १० फेऱ्या. यातून ‘किती झेपतं’ याचं प्रामाणिक उत्तर मिळत नाही, पण ‘कालच्यापेक्षा बदललं का’ याचं मिळतं. हे आकडे मग जम्पॲव्हजी या छोट्या पायथन लायब्ररीकडे जातात. ‘५ टक्के घसरण म्हणजे दोष’ अशी ठोकळेबाज हद्द ती लावत नाही. सगळ्या नोंदी कमीत कमी माहितीत वर्णन करायच्या तर सरासरीचे किती गट पाडावे लागतील, हे ती ठरवते. नवा गट खरोखर गरजेचा असेल तरच प्रगती किंवा अधोगतीची खूण लागते. त्यामुळे स्थिर चाचणीतला १ टक्क्याचा बदलही टिपला जातो, आणि मुळात हेलकावे खाणारी चाचणी रोज खोटी आरोळी ठोकत नाही.

याहून महत्त्वाची शिस्त कमी लोकांच्या लक्षात येते: सीएसआयटी स्वतःच्या परिसरालाही (चाचणी जिथे धावते त्या सगळ्या मांडणीलाही) आवृत्ती क्रमांक देते. फर्मवेअर, कर्नल, टी-रेक्स किंवा चाचणीचा कोड बदलला की जुनी व्हीपीपी आवृत्ती नव्या परिसरात पुन्हा चालवून पाहता येते. ती जुनीही मंदावली असेल, तर पाणी परिसरात मुरतंय. बहुतेक खासगी प्रयोगशाळांत नेमकं हेच कोणी करत नाही आणि मग कर्नलच्या बदलाचं खापर बिचाऱ्या पॅचवर फुटतं.

पॅच पाठवणाऱ्यांसाठी सोय अशी की गेरिटवर (पॅच तपासण्याच्या साइटवर) ठराविक ट्रिगर शब्द आणि पुढे टॅग (चाचण्या निवडणारी लेबलं) लिहिले की आधीचा कोड आणि पॅच केलेला कोड दोन्ही एकाच मशीनवर आलटूनपालटून धावतात. टॅग नेमके द्यावेत: एमआरआर, एक कोअर, ६४ बाइट, आयपीव्ही४ बेस असं चौघांना ‘अँड’ने जोडलं तर मोजक्या चाचण्या धावतात. नुसतं ‘एमआरआर’ लिहिलं तर टेस्टबेड (चाचणीच्या मशीनचा संच) तासन् तास अडकतो आणि रांगेतल्या सगळ्यांचा खोळंबा होतो.

निकाल सार्वजनिक डॅशबोर्डवर पाहता येतात: रोजचे आलेख, प्रत्येक आवृत्तीचे निकाल, दोन आवृत्तींची तुलना. डॅशबोर्ड उपयुक्त आहे, पण नवख्याला नावंच आधी अडवतात. ‘२एन-आयसीएक्स’ म्हणजे इंटेलच्या आइस लेक प्रोसेसरचा दोन नोडांचा टेस्टबेड (इथे नोड म्हणजे मशीन). ‘२टी१सी’ म्हणजे एका कोअरवरचे दोन हायपरथ्रेड (त्याच कोअरवर जोडीने चालणारे प्रवाह). ‘२टी१सी’चा आकडा ‘१टी१सी’शेजारी ठेवून प्रोसेसरची तुलना करू नये, हायपरथ्रेडिंगचा फायदा प्रोसेसरच्या नावावर जमा होतो. तसंच ‘आयपी४बेस’ या मोजक्या रूटांच्या साध्या चाचणीच्या आकड्यावरून खऱ्या राउटरचा अंदाज बांधू नये. २० लाख रूट असलेली ‘स्केल२एम’ चाचणी पाहावी, कारण तिथे रूटांचा तक्ता कॅशमध्ये मावत नाही.

ही यंत्रणा स्वतःकडे उभी करायची असेल, तर किमान दोन सर्व्हर हवेत: एकावर टी-रेक्स, दुसऱ्यावर व्हीपीपी, मध्ये स्विच न ठेवता थेट दोन तारा. आयपीसेक या कूटबद्ध वाहतुकीच्या चाचण्यांसाठी तीन नोड बरे, एक कूटबद्ध करणारा आणि एक उलगडणारा. सर्वांत आधी टी-रेक्सचे दोन्ही पोर्ट एकमेकांना जोडून त्याची स्वतःची गळती शून्य आहे का ते पाहावं. मग व्हीपीपीच्या मशीनवर वर्कर कोअर आयसोल-सीपीयू या कर्नल पर्यायाने वेगळे काढावेत, त्यांवर नोएचझेड-फुल आणि आरसीयू-नोसीबीएस हे कर्नलचा व्यत्यय कमी करणारे पर्याय लावावेत, सी-स्टेट (कोअरच्या झोपेची पातळी) १ वर रोखावं, टर्बो (कोअरचा आपोआप वाढणारा वेग) बंद करावा, नुमा बॅलन्सिंग (सॉकेटांमध्ये मेमरी आपोआप हलवणं) बंद करावं आणि ह्यूजपेज (मेमरीची मोठी पानं) नेटवर्क कार्ड ज्या प्रोसेसर सॉकेटवर आहे त्याच सॉकेटवर द्यावीत. शेवटचं चुकलं तर व्हीपीपी तक्रार न करता चालतो, फक्त मंद.

गळती दिसली की व्हीपीपीचं ‘शो रनटाइम’ उघडावं. प्रत्येक नोडचे पॅकेटमागचे क्लॉक आणि एका हाकेतली पॅकेटं तिथे दिसतात. दुसरा आकडा २५६ च्या जवळ असेल, तर कोअर खरंच दमलाय. तो वीस-तीसवर असूनही पॅकेटं सांडत असतील, तर कोड वाचण्यात वेळ घालवू नये. कार्डाची स्वतःची पॅकेट-मर्यादा, पीसीआय स्लॉट किंवा वर्कर कोअरवर येणारे इंटरप्ट तपासावेत.

तक्रारी आहेत, आणि त्या गंभीर आहेत. रोबोट फ्रेमवर्कचे कीवर्ड (चाचणीच्या पायऱ्यांना दिलेली नावं) एकावर एक इतके रचलेत की एक साधी सेटिंग कुठून येते हे शोधायला चार-पाच फायली उघडाव्या लागतात. टोपोलॉजीच्या (मशीन कशी जोडलीत याच्या) यॅमल फायलीत पीसीआय पत्ता, मॅक, ड्रायव्हर सगळं हाताने भरायचं. एक अंक चुकला तर येणारा एरर मूळ कारणाबद्दल काहीच सांगत नाही. टेस्टबेडचं आरक्षण टी-रेक्सच्या मशीनवर तात्पुरत्या जागेत एक डिरेक्टरी बनवून होतं. कल्पना साधी आणि भक्कम, पण जॉब (चाचण्यांचं चालू काम) मध्येच मेला तर डिरेक्टरी तशीच राहते आणि पुढचा जॉब टेस्टबेड व्यापलेला समजतो. आरक्षणाच्या स्क्रिप्टला रद्द करण्याचा पर्याय द्यायचा की सुटतं.

दोन-तीन जणांच्या टीमने ही अख्खी यंत्रणा घरी आणण्याचा हट्ट धरू नये. एमएलआरसर्च आणि जम्पॲव्हजी दोन्ही पायपीआय या पायथन पॅकेजांच्या भांडारात स्वतंत्र पॅकेज म्हणून मिळतात. टी-रेक्सला पायथनमधून हाक मारणारी एक छोटी स्क्रिप्ट, रात्री एकदा एका कोअरची एमआरआर चाचणी, १० फेऱ्या, निकाल जेसन फायलीत, त्यावर जम्पॲव्हजी. आठवड्यातून एकदा जुनी, गोठवलेली आवृत्ती त्याच रात्री शेजारी चालवावी. एवढ्यावर अधोगती कोणत्या रात्री शिरली ते सापडतं. पुढे त्या दिवसाच्या कमिटांत (कोडच्या नोंदवलेल्या बदलांत) गिट बायसेक्ट ही दोषी बदल शोधणारी आज्ञा लावावी.