पूर्वेकडच्या स्की रिसॉर्टची रँकिंग: पाचपैकी अडीच स्टार

थंडी सुरू व्हायच्या आधी अमेरिकेतल्या स्की मॅगझिनची वाचकांच्या मतांवरून ठरवलेली स्की रिसॉर्टची यादी येते, पश्चिमेची वेगळी आणि पूर्वेची वेगळी, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या ग्रुपात दिवाळीच्या फराळाला त्यावरून हमखास वाजतं. चिवडा बाजूला राहतो, चहा गार होतो, आणि पुण्या-नाशकात वाढलेली चाळिशीपुढची माणसं व्हरमाँटच्या डोंगरांवरून एकमेकांची अक्कल काढतात. मी स्वतः 36व्या वर्षी पहिल्यांदा स्की पायात घातली, त्याआधी बर्फ म्हणजे गोळ्याचा आणि फ्रीजमधला, तेव्हा एक्सपर्ट वगैरे मी नाही. पण गेली अकरा वर्षं ही यादी बघून पैसे खर्च करतोय, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा हक्क आपल्याला आहे राव.

पहिली गोष्ट म्हणजे हे मार्क देतं कोण ते बघा. स्की मॅगझिनचे वाचकच मार्क देतात, आणि एकाच गोष्टीला नाही, स्नो, ग्रूमिंग (म्हणजे मशीनने बर्फ सपाट करणं), लिफ्ट (डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्या), चॅलेंज, व्हॅल्यू, फॅमिली, जेवण, नाइटलाइफ असे बरेच रकाने असतात. ‘यूएसए टुडे’च्या टेनबेस्टचं आणखी वेगळं, तिथे आधी जाणकार नावं निवडतात आणि मग पब्लिकने रोज एकेक व्होट टाकायचं, म्हणजे ज्याचे चाहते चिकाटीचे तो पुढे. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच, माणूस जिथे जातो त्यालाच मत देतो. माझा शेजारी गेली वीस वर्षं एकाच डोंगरावर जातो, त्याचं मत म्हणजे आपल्या गल्लीतल्या गणपतीला पहिलं बक्षीस देण्यासारखं. आपला गणपती आपल्याला छान वाटणारच की!

आता हॉलिडे व्हॅली घ्या. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला, तासाभराच्या ड्राइव्हवर, एलिकॉटव्हिल नावाचं छोटं गाव आणि त्याला लागून हा डोंगर. डोंगर तरी कशाला म्हणायचं, वरून खालपर्यंत उतार फक्त 750 फूट. आणि लेक प्लॅसिडजवळच्या व्हाइटफेसचा उतार 3,430 फूट, रॉकीजच्या पूर्वेला सगळ्यात मोठा, सिंहगडाच्या चढणीपेक्षाही जास्त, 1980च्या ऑलिंपिकच्या डोंगरावरच्या शर्यती तिथेच झाल्या. तरी हॉलिडे व्हॅली पूर्वेच्या यादीत अनेकदा वरच्या पाचात! बफेलोत शिकलेला आमचा एक मित्र हे ऐकून दरवर्षी कॉलर ताठ करतो आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. आधी मीपण तुटून पडायचो. मग एकदा त्याच्याबरोबर गेलो आणि गप्प झालो, कारण लेक एरीवरून येणारा स्नो मस्त पडलेला, ग्रूमिंग एकदम गुळगुळीत, गावातून चालत जेवायला जाता येतं, आणि माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, एकटी लिफ्टवर चढून एकटी खाली आली. तिला 3,430 फुटांचं काय करायचंय? म्हणजे मतं देणारे खोटं बोलत नाहीत. फक्त ते ‘सगळ्यात चांगला डोंगर’ हे सांगत नसतात, ‘आमचा वीकेंड चांगला गेला’ हे सांगत असतात, आणि मासिक त्याच्यावर मोठा एक नंबरचा शिक्का मारून मोकळं होतं.

व्हरमाँटच्या स्मगलर्स नॉचचं तेच. पूर्वेत कितीतरी वेळा पहिला आलाय. तिथे वर जायला दोन माणसांच्या जुन्या, निवांत खुर्च्या, मॅडोना डोंगरावर वर पोचेपर्यंत एका माणसाशी सगळ्या नातेवाइकांची चौकशी करून होते आणि नाकाचा शेंडा आहे की गेला ते हात लावून बघावं लागतं. एपिक नाही, आयकॉन नाही, बऱ्याच डोंगरांवर चालणाऱ्या कुठल्याच मोठ्या सीझन पासात हे रिसॉर्ट नाही. पण पोरांची स्की स्कूल आणि खालचं गाव इतकं व्यवस्थित, की आईबापांना दोन तास मोकळे मिळतात, आणि आईबाप फॅमिलीच्या रकान्यात भरभरून मार्क देतात. पलीकडेच स्टो रिसॉर्ट आहे, मधली 108 नंबरची रोड हिवाळ्यात बंद असते म्हणून लांबून वळसा घालून जावं लागतं. स्टोची खिडकीवरची तिकिटं गर्दीच्या दिवशी 200 डॉलरच्या वर जातात, मग ‘व्हॅल्यू’मध्ये लोक कसे मार्क देणार सांगा.

व्हरमाँटच्याच मॅड रिव्हर ग्लेनवरून तर आमच्याकडे घरातच फूट पडलीय. 1995पासून ते स्कीअर लोकांच्याच को-ऑपचं आहे, आपल्या सोसायटीसारखं, फक्त पार्किंगवरून भांडण कमी असावं. एका माणसाची खुर्ची, ट्रेलवर खडक-झाडं तशीच, आणि स्नोबोर्डला (दोन्ही पायांखाली एकच फळी) सक्त मनाई. माझा मेव्हणा स्नोबोर्डवाला. त्याच्यासमोर कुणी हे नाव काढलं की तो ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. आता सांगा, अशा डोंगराला कुठला नंबर देणार? ज्याला आवडलं त्याला दहापैकी दहा, ज्याला आत घेत नाहीत त्याला शून्य, आणि सरासरी काढली तर पाच, जे कुणाचंच मत नाही.

माझी खरी तक्रार मात्र ‘स्नो’च्या रकान्याबद्दल आहे. मराठीत आपण स्नो आणि आइस दोन्हीला बर्फच म्हणतो आणि पूर्वेच्या डोंगरांवर तेच बरोबर आहे. शनिवारी भुसभुशीत पडतो, रविवारी पाऊस, सोमवारी रात्री पारा खाली, आणि मंगळवारी तुम्ही मासळी बाजारातल्या लादीवर उभे. उगीच नाही लोक व्हाइटफेसला आइसफेस म्हणत. उत्तर व्हरमाँटमध्ये वायव्येकडून आलेले ढग ग्रीन माउंटनवर चढतात म्हणून ‘जे पीक’ नावाचं रिसॉर्ट, स्मगलर्स, स्टो या पट्ट्यात जास्त पडतो, हे खरं. किलिंग्टन मशीनने इतका बर्फ करतं की थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला वर्ल्ड कपच्या शर्यती तिथे झाल्यात, 2016पासून बहुतेक वर्षी, हेही खरं. पण तुम्ही जाणार त्या तारखेला काय असेल हे गेल्या सीझनच्या मतांमधून कसं कळणार?

तीन वर्षांपूर्वी यादीतल्या वरच्या एका रिसॉर्टला (नाव घेत नाही, हवेवर कुणाचा ताबा नसतो) मार्टिन ल्यूथर किंगच्या लाँग वीकेंडला गेलो. सहा तास गाडी चालवली, वाऱ्यामुळे वरची लिफ्ट बंद, सगळी गर्दी खालच्या दोन लिफ्टवर, चाळीस मिनिटं रांग आणि खाली यायला चार मिनिटं. दुपारी लॉजच्या जिन्यात बसून मेथीचे पराठे खाल्ले कारण टेबलं मिळाली नाहीत. बायको काही बोलली नाही, फक्त यादीचा स्क्रीनशॉट मला परत पाठवला, शेजारी बसून.

तेव्हापासून मी वरचा नंबर बघतच नाही. रकाने बघतो. पोरं बरोबर असतील तर फॅमिली आणि लिफ्ट, मित्र असतील तर चॅलेंज, आणि व्हॅल्यूमध्ये जो शेवटून दुसरा-तिसरा त्याला लाँग वीकेंडला जायचंच नाही. तेवढ्यापुरती यादी खरंच कामाची आहे, म्हणून अडीच स्टार. अर्धा स्टार आणखी दिला असता, पण मत देणाऱ्याने आठवड्याच्या मधल्या वारी स्की केलं की शनिवारी, आणि त्याला ब्लॅक डायमंड, म्हणजे अवघड उतार, जमतं की नाही, हे मार्कांशेजारी छापत नाहीत. आणि सासूबाई बरोबर असतील तर लॉजमध्ये खिडकीपाशी बसायला जागा आणि स्वतःचा डबा उघडायची मुभा, हा रकाना कुठेच नाही.

यंदा मुलीची शाळा बुधवारी सुटतेय, तेव्हा गुरुवार-शुक्रवार व्हाइटफेस. मेव्हणा पण येतोय, स्नोबोर्ड घेऊन. पोरीने तिच्या स्कीच्या कडा आताच धार लावायला दिल्यात.