साधा अल्फा की प्रीमल्टिप्लाइड?

एका पिक्सेलच्या ३२ बिटांत रंगाचे तीन आणि पारदर्शकतेचा एक (अल्फा; ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक) असे चार बाइट बसतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. बाइटांच्या क्रमावरही फार अडून राहण्याचे कारण नाही; अँड्रॉइडमधील रंगाचा पूर्णांक अल्फापासून सुरू होतो, ब्राउझरच्या कॅनव्हासमधील आकडे लाल रंगापासून, आणि अदलाबदलीचे एक फंक्शन लिहिले की तो विषय मिटतो. खरी निवड त्यापुढची आहे. रंगाचे आकडे जसेच्या तसे ठेवायचे (साधा अल्फा), की ते आधीच अल्फाच्या २५५ पैकी वाट्याने गुणून ठेवायचे (प्रीमल्टिप्लाइड)?

वरुड-मोर्शी पट्ट्यातील संत्रा बागायतदारांसाठी फळांची प्रत आणि भाव दाखवणारे एक लहानसे अ‍ॅप मी सांभाळतो, आणि त्यात या दोन्ही पद्धती वापरून झाल्या आहेत.

साध्या अल्फाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. १९९६ साली आलेल्या पीएनजी या चित्रांच्या फाइल-प्रकाराने हीच पद्धत स्वीकारली. चित्र पुन्हा उघडून रंग सुधारायचा असेल, किंवा पुसट केलेला भाग परत ठळक करायचा असेल, तर मूळ रंग शाबूत लागतो आणि तो येथेच मिळतो. उलट प्रीमल्टिप्लाइडमध्ये अल्फा १० असेल, तर प्रत्येक रंगाला ० ते १० एवढ्या ११ पायऱ्याच उरतात, आणि अल्फा शून्यावर आला की मूळ रंग हाती लागत नाही.

एवढे असूनही माझे मन दुसरीकडे वळले, ते फळाच्या कडेमुळे. आंबिया बहाराच्या संत्र्यांचे फोटो पार्श्वभूमी काढून यादीत लहान आकारात दाखवले, तेव्हा प्रत्येक फळाभोवती तपकिरी रेघ उमटली, आणि एका बागायतदारांनी सरळ विचारले, “भाऊ, हे फळ काठानं सडलं दिसते नं?” भाव ठरवण्याच्या कामात ही शंका परवडणारी नव्हती. फळाचा पिक्सेल २५५, १४०, ० आणि अल्फा २५५. शेजारचा रिकामा पिक्सेल चारही ठिकाणी शून्य. चित्र लहान करताना या दोघांची सरासरी साधारण १२८, ७०, ० आणि अल्फा १२८ अशी येते. साध्या अल्फात हा आकडा निम्मा पारदर्शक तपकिरी रंग म्हणून वाचला जातो. प्रीमल्टिप्लाइडमध्ये नेमके हेच चार आकडे निम्मा पारदर्शक, पण मूळचाच नारिंगी रंग सांगतात, कारण रिकाम्या पिक्सेलला तेथे रंगाचे मतच नसते. साध्या अल्फातही सरासरी काढताना अल्फाचे वजन देऊन ही रेघ टाळता येते, हे मान्य; मात्र आकार बदलण्याच्या प्रत्येक ठिकाणी ते आठवणीने करावे लागते.

थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मांडलेली चित्रे एकावर एक ठेवण्याची रीतही गुणलेल्या रंगांवरच उभी आहे. वरचा रंग घ्यावा, त्यात खालच्या रंगाचा उरलेला वाटा मिळवावा. चारही बाइटांना एकच सूत्र पुरते. जुन्या, स्वस्त फोनवर यादी सरकवताना मला ती अधिक सुरळीत वाटली, पण मी वेळ मोजलेला नाही, त्यामुळे त्यावर आग्रह धरणार नाही.

चित्रांचे संपादन हेच ज्यांचे मुख्य काम आहे, त्यांनी साधा अल्फा ठेवावा असेच मी म्हणेन. केवळ दाखवायचे असेल, तर फाइल पीएनजीच राहू द्यावी आणि चित्र उघडताना एकदा गुणून घ्यावे. त्यानंतर चित्र फिके करायचे झाल्यास चारही बाइट कमी करावे लागतात. फक्त अल्फा कमी केला तर ते विचित्र उजळ दिसते. तसेच अँड्रॉइडचा बिटमॅप (मेमरीत उघडलेले चित्र) मुळातच प्रीमल्टिप्लाइड असतो आणि त्याचे गेटपिक्सेल्स हे फंक्शन आकडे साधे करून देते, त्यामुळे आपल्या हाती आलेले आकडे कोणते आहेत ते आधी पाहावे. दोनदा गुणले गेले, तर कडा पुन्हा काळवंडतात.