एका टिकचे १८०० रुपये

आमचं कृषी सेवा केंद्र आहे, बिलिंगचा कॉम्प्युटर जुना, हार्ड डिस्कवालाच, ऐन पेरणीच्या टायमाला जाम अडकायला लागला म्हणून ओळखीतून एकाला बोलावलं (नाव लिहीत नाही, रोज तोंड बघायचंय). त्याने ४ जीबीचा व्हिडिओ कॉपी करून दाखवला, बघा किती रखडतंय. मग दहा मिनिटं खुडबुड केली, तोच व्हिडिओ परत कॉपी केला, निम्म्या वेळात झाला! मी खूश. 'डिस्क बूस्ट'चे १८०० घेतले आणि वर म्हणतो, भाऊ आता लाईट गेली तरी टेन्शन नाही.

नवव्या दिवशी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीची फुगलेली, ती हयगय माझीच. लाईट आल्यावर बिलिंग उघडेना, डेटा फाईल करप्ट.

भाचा आयटीत आहे, त्याने फोनवर बघायला लावलं. डिव्हाइस मॅनेजर, डिस्क ड्राइव्हज, डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉलिसीज. तिथे दोन टिक असतात. पहिली राइट कॅशिंगची, ती असू दे, आतल्या डिस्कला असतेच. दुसरी बफर फ्लशिंग बंद करायची, ती मारलेली असेल तर काढा. आपण सेव्ह दाबलं तरी माल आधी डिस्कच्या छोट्या मेमरीत थांबतो आणि लाईट गेली की ती मेमरी कोरी, म्हणून सॉफ्टवेअर मधेमधे सांगत असतं की आहे ते आधी खाली उतरव मग पुढचं. ती टिक मारली की विंडोज हा निरोप डिस्कला देतच नाही. माल टेम्पोतच आणि गोडाऊनच्या रजिस्टरला जमा! आणि त्या टिकच्या खालीच इंग्रजीत स्पष्ट लिहिलंय की डिस्कला वेगळा वीजपुरवठा असेल तरच हे करा, नाहीतर डेटा जाईल. म्हणजे बरोब्बर उलटं सांगून गेला पठ्ठ्या.

कॉपीची जादू तर त्याहून भारी. टिक काढली, मशीन रीस्टार्ट केलं, तोच व्हिडिओ दोनदा कॉपी केला, मधे काहीही न करता दुसऱ्यांदा झटपट, कारण पहिल्यांदा वाचलेला रॅममध्येच पडून होता.

त्याला फोन केला तर म्हणे लाईटचा प्रॉब्लेम, माझा काय संबंध.

पेनड्राइव्हवरचा बॅकअप ११ दिवस जुना निघाला. आता रात्री मुलगी बिलांच्या कॉप्या वाचते, मी टाईप करतो, १४ तारखेपर्यंत आलोय, आणि युरियाच्या दोन उधाऱ्या कुणाच्या ते अजून लागत नाहीये.