टेबलावर आपटून दाखवलेला स्कोप

आधीच सांगतो, शिकार हा माझा शौक नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो कोणाला परवडणाराही नाही. केळापूर तालुक्यात साडेसात एकर वावर आहे, टिपेश्वरचं जंगल तिथून फार लांब नाही. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची वडलांची .३१५ रायफल त्यांच्या माघारी रीतसर माझ्या नावावर झाली. डुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी काढतो, मगच बंदूक जागलीला नेतो. निवडणूक लागली की तीच बंदूक ठाण्यात जमा. २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला दोनदा जमा केली. नोव्हेंबरात तूर फुलावर, हरभरा नुकता उगवलेला, अन् माझ्या हातात नुसता टॉर्च.

पन्नाशी ओलांडली आणि नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, धूसर दिसायला लागली. माशी दिसते तर डुक्कर दिसत नाही, डुक्कर दिसते तर माशी नाही. म्हणून स्कोप, म्हणजे बंदुकीवर बसणारी नेमाची दुर्बीण, घ्यायचं डोक्यात आलं.

जिल्ह्याच्या एका कृषी प्रदर्शनात कुंपणाला विजेचा झटका देणारं झटका मशीन बघायला गेलो होतो. शेजारच्या स्टॉलवर टॉर्च, दुर्बिणी आणि मागे काचेत तीन-चार स्कोप. विकणारा पोरगा तिशीतला, बोलण्यात पक्का. ‘काका, हा .३०-०६ च्या मोठ्या रायफलीवर चालते. तुमची .३१५ काय चीज हाय याच्यापुढं?’ असं म्हणत त्यानं स्कोप उचलला आणि लोखंडी टेबलाच्या पायावर तीनदा आपटला. ठण्, ठण्, ठण्. मग माझ्या हातात दिला. मैदानापलीकडच्या टाकीवर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ लिहिलं होतं, त्यातल्या ‘जि’ची वेलांटीसुद्धा स्वच्छ दिसली. आजूबाजूला पाचसहा कास्तकार जमले होते, सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

सहा ते चोवीस पट, पुढची काच पन्नास मिलिमीटरची, ‘हजार मीटरवर ससा दिसते’. डब्यावर एका नामांकित विदेशी कंपनीचं नाव, चकचकीत स्टिकर, अनुक्रमांक. सांगितले बत्तीस हजार, दिला साडेअठरा हजारांत. दहा हजार यूपीआयनं, बाकी रोख. बिल मागितलं तर म्हणे, ‘काऊन उगाच जीएसटीचे पैसे घालता? लागलंच तं व्हॉट्सॅपवर पाठवतो.’ यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं आलं, ते मी पाहिलंही होतं. पाहून गप्प बसलो, ही माझी अक्कल.

वडलांच्या काळच्या रायफलीवर स्कोप बसायला तयार जागा नसते. परवानाधारक गनस्मिथकडे जाऊन स्कोप धरून ठेवणारा माउंट बसवून घेतला, त्याचे पैसे वेगळे.

आमच्या गावाशेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार काका आहेत. ते म्हणाले, ‘डुकरावर पहिली गोळी झाडू नको. आधी कागदावर झाड.’ पोलीस पाटलांच्या कानावर घालून आम्ही जुन्या मुरमाच्या खदानीत गेलो. मागे वीस फुटांचा कडा, पुढे खोक्यावर कागद, अंतर शंभर मीटर. पहिल्या तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या. मी खूश. चौथी वीतभर डावीकडे. पाचवी खाली. सहावी कागदावरच नाही. आणि सहाव्यालाच स्कोपची मागची कड भुवईवर आदळली, चंद्रकोरीसारखी जखम झाली. बायकोनं हळद दाबताना जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

दोष मी स्वतःच्या हाताला दिला. मग गनस्मिथला, मग काडतुसांना. परवान्यावर वर्षाला काडतुसं मोजून मिळतात, त्यातली चौदा या नादात गेली. डुकरं मात्र रोज येतच होती.

शेवटी काकांनी बंदूक हातात घेतली. माउंटचे स्क्रू तपासले, घट्ट होते. मग म्हणाले, ‘आता चौकोन काढू.’ एक गोळी झाडायची. मग स्कोपवरची गोल चकती फिरवून चाळीस टिचक्या उजवीकडे, दुसरी गोळी. चाळीस खाली, तिसरी. चाळीस डावीकडे, चौथी. चाळीस वर, आणि पाचवी पहिलीच्या भोकाशेजारी पडली पाहिजे. या स्कोपची एक टिचकी म्हणजे शंभर मीटरवर साधारण सात मिलिमीटर, तेव्हा चौकोनाची बाजू अठ्ठावीस-एकोणतीस सेंटिमीटर यायला हवी. आमची पहिली बाजू अठरा आली, दुसरी चौतीस, आणि पाचवी गोळी पहिलीपासून वीतभर लांब. बंदूक काकांच्या हातात, तेव्हा माझ्या हाताचा दोष उरला नाही.

मला स्कोपचं पोट कळलं ते त्यानंतर, कारण रागानं मी तो उघडलाच. बाहेरची नळी ॲल्युमिनियमची, जाड. ती टेबलावर आपटा नाहीतर दगडावर, तिला काही होत नाही. खरं काम आतल्या छोट्या नळीचं. तिच्यावर निशाण्याच्या रेषा असतात, टिचकी फिरवली की ती नळी हलते, आणि एका स्प्रिंगच्या दाबानं जागेवर राहते. बंदुकीची लाथ बसली की ती स्प्रिंग तिला सोडता कामा नये. आमच्यातली स्प्रिंग पेनमधल्यासारखी होती. एक काच पिवळ्या डिंकानं चिकटवलेली, तो डिंक अर्धा सुटलेला. विकणाऱ्यानं आपटलं बाहेरून, तेही आडवं. बंदूक धक्का देते नळीच्या लांबीनं, आणि दर गोळीला.

पुतण्याच्या छर्‍याच्या बंदुकीचं, म्हणजे एअरगनचं, तर आणखी उलटं. तिच्यातला पिस्टन आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्हीकडून हिसका देतो, त्यामुळे मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं चाललेला स्कोपही तिच्यावर खिळखिळा होऊ शकतो. हे मला काकांनी सांगेपर्यंत खोटंच वाटलं असतं.

भुवईचं कारणही कळलं. पूर्ण चित्र दिसायला डोळा काचेपासून किती लांब ठेवता येतो, ते अंतर लाथ मारणाऱ्या रायफलीला साडेतीन-चार इंच तरी लागतं. माझ्या स्कोपला चोवीस पटीवर जेमतेम अडीच होतं. टाकीवरचं अक्षर वाचताना हे कळत नाही, कारण तेव्हा स्कोप आपण हातात धरून हवा तसा डोळ्याला लावतो. बंदुकीवर बसवून, गाल दस्त्यावर टेकवून, डोळे मिटून उघडायचे. तेव्हा पूर्ण गोल दिसला तर खरा.

आणि ती चोवीस पट! पुढच्या काचेच्या पन्नासला चोवीसनं भागा, दोन मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात येतो. अंधारात आपली बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडलेली असते. म्हणजे डुकरं निघतात त्या वेळी चित्र काळंमिट्ट. हजार मीटरचं तर बोलूच नका. आमच्या धुऱ्यावरून डुक्कर साठ-सत्तर मीटरवर असतं आणि त्यापलीकडे दुसऱ्याचं वावर, त्यात जागलीला बसलेला दुसरा माणूस. रायफलीची गोळी कोसभर जाते.

वणीकडच्या एका सोयऱ्यानं त्याच प्रदर्शनात तसाच स्कोप घेतला होता. दोघांचे डबे शेजारी ठेवले. अनुक्रमांक आठ आकडी, आठही आकडे सारखे. मूळ कंपनीला फोटो ईमेल केले. हा माल आमचा नाही, असं दोन ओळींत उत्तर आलं. हा ईमेल पैसे द्यायच्या आधी केला असता तर फुकटात काम झालं असतं.

विकणाऱ्याला फोन केला. आधी म्हणाला, ‘काका, तुमची बंदूकच खराब असन.’ मग उचलणंच बंद. प्रदर्शनवाल्यांनी सांगितलं, स्टॉल तिसऱ्याच माणसाच्या नावावर होता. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन लावला. तिथल्या मुलीनं नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘बिल आहे का?’ २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता तर लागतो. माझ्याजवळ एक बंद नंबर, अनोळखी नावाची यूपीआयची पावती आणि दोन जुळे डबे. तेवढ्यावर सोयऱ्यानं आणि मी ठाण्यात अर्ज दिला आहे.

नंतर नागपूरच्या दुकानातून तीन ते नऊ पटीचा साधा स्कोप घेतला. पक्कं बिल, त्यावर अनुक्रमांक, आणि वॉरंटी भारतात कोण सांभाळणार त्याचं नाव. दुकानदाराला म्हटलं, चौकोन जुळला नाही तर परत आणीन. त्यानं ते बिलामागे स्वतःच्या हातानं लिहून दिलं, सहीसकट. चौकोन जुळला. यंदाची पाच काडतुसं उरली आहेत.